घरतदादांची सासू

पनवेलजवळच्या कोन गावातल्या एका हॉलमध्ये आमच्या ऑफिसातल्या सरांच्या मेव्हण्याचं लग्न होतं. नवरानवरी स्टेजवर उभी, आहेर देणाऱ्यांची रांग पार खुर्च्यांपर्यंत. रांगेत माझ्या पुढे घरतदादा. त्यांची पाळी आली, नवऱ्यानं हसून हात पुढे केला, आणि घरतदादा त्या हाताला वळसा घालून थेट मागच्या पडद्याकडे गेले. पडद्यावर थर्मोकोलची अक्षरं टाचली होती, ‘शुभविवाह’. त्यातला ‘वि’ किंचित घसरला होता. दादांनी टाचणी काढली, अक्षर वर सरकवलं, टाचणी परत खुपसली आणि मागे येऊन एक डोळा मिटून पाहिलं. व्हिडिओवाल्याचा दिवा तेवढा वेळ त्यांच्यावरच होता. नवऱ्याचा हात अजून हवेत. तो हात दादांनी मग आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, “दोन पिक्सेल खाली होता. आता सगला संसार सरल चालंल.”

नवरीच्या मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की पिक्सेल खाली असणं अशुभ असतं का.

हे आमचे जनार्दन घरत. ऑफिसात सगळे त्यांना दादा म्हणायचे, आमचे शिरीष सरसुद्धा, आणि सर त्यांच्याहून मोठे होते. दादा गव्हाणचे. चाळिशीचे, लग्न न केलेले, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात म्हशीला बांधता येईल अशी सोन्याची चेन आणि मनगटात तसलंच कडं. ते टायपिंग करायचे तेव्हा कडं कीबोर्डावर आपटून असा आवाज यायचा, की फोनवरच्या गिऱ्हाइकाला वाटे इथे भजन चालू आहे. त्यांच्याकडे पाहून कुणीही म्हणालं असतं, हा माणूस प्लॉट विकतो. त्यांचे झाडून सगळे चुलतभाऊ प्लॉटच विकत. दादा मात्र पनवेलच्या एसटी स्टँडजवळ, फरसाणच्या दुकानावरच्या आमच्या तीन खोल्यांच्या ऑफिसात बसून वेबसाइटच्या बटणांचे कोपरे गोल करत.

ते आमच्याकडे कामाला लागले, ती गोष्टही गमतीचीच आहे. मुळात ते गिऱ्हाईक म्हणून आले होते. एका चुलतभावाच्या बांधकाम कंपनीची वेबसाइट आम्ही करत होतो आणि ती बघायला भावानं ह्यांना पाठवलं. दादा माझ्या खुर्चीमागे स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, “बाय, तो फोटो जरा डावीकडं घे.” घेतला. “जास्त झाला.” परत घेतला. संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा ते म्हणाले, उद्या येतो. ते खरोखरच दुसऱ्या दिवशी आले. वेबसाइट पूर्ण झाली, भावानं पसंत केली, तरी दादा येतच राहिले. आता ते दुसऱ्यांच्या वेबसाइटींतले फोटो डावीकडं घ्यायला सांगू लागले. शेवटी सर वैतागून म्हणाले, की घरतसाहेब, तुम्हीच शिका आणि तुम्हीच सरकवा. सर हे टोचून बोलले होते. दादांनी ते आमंत्रणच मानलं, आणि वर्षभरात आमच्यात सगळ्यांत सफाईदार पानं तेच करू लागले.

रंगांच्या बाबतीत त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. गिऱ्हाइकानं निळा मागितला, की दादा विचारत, “खाडीचा निला, तो भरतीचा की ओहोटीचा?” पांढऱ्यातही मिठागराचा पांढरा वेगळा आणि दुधाचा वेगळा. एका दाताच्या डॉक्टरांना त्यांनी पटवून दिलं होतं, की तुमच्या वेबसाइटला मिठागराचाच पांढरा शोभेल, कारण दुधाचा पांढरा दमट असतो. डॉक्टर मान हलवत गेले.

आता थोडं आमच्या धंद्याविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वेबसाइटचं पान कसं दिसायचं, रंग कोणता, अक्षर केवढं, दोन रकान्यांत जागा किती, हे सगळं एका वेगळ्या फाइलीत लिहितात. तिला स्टाइलशीट म्हणतात. दादा ती हातानं लिहीत. ओळीखाली ओळ, लांबच्या लांब. तोच निळा शंभर ठिकाणी हवा असला तर शंभर ठिकाणी लिहीत आणि त्यात त्यांना आनंद होता. पण तेव्हा, म्हणजे दोन हजार तेराच्या सुमाराला, एक नवी पद्धत आली होती. तुम्ही थोडक्यात लिहायचं आणि एका प्रोग्रॅमनं त्याची लांबलचक स्टाइलशीट तयार करून द्यायची. त्या प्रकाराचं नाव सॅस.

पुण्याच्या एका कंपनीनं आम्हाला मोठं काम दिलं आणि अट घातली, की स्टाइलशीट सॅसमध्येच पाहिजे. सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की उद्यापासून सॅस शिकायचं, आणि ज्याला जमणार नाही त्याच्याकडे वाढदिवसाच्या बॅनरची कामं जातील. सरांच्या तोंडात ‘सॅ’चा ‘सा’ झाला.

“सास?” दादा म्हणाले. “माझं लगीन नाय झालं आनि सासू पयली?”

त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात सॅस हा शब्द कुणीही उच्चारला नाही. सगळे सासूच म्हणायचे.

दादांना बॅनरचा तिटकारा होता. एका बॅनरवर पन्नास डोकी, त्यांतलं एकही दुसऱ्याच्या रांगेत नाही, ह्या विचारानंच त्यांना घाम फुटे. पण सासूही नको होती. दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सरांना सांगितलं, की मी सोडतो. भाकरी हातावर थापतात, मशिनीतून निघते ती रोटी. मला रोटी करायची नाही. सर घाबरले, कारण पुण्याच्या कामाचा अर्धा भार दादांवर होता. त्यांनी मला आणि रुखसानाला बोलावून घेतलं आणि दादांना कसंही करून शिकवायची जबाबदारी आमच्या गळ्यात टाकली. रुखसाना आमची प्रोग्रॅमर. मुस्लिम मोहल्ल्यात राहायची, कमी बोलायची, आणि जे बोलायची ते कापत जायचं. ती दादांच्या टेबलाशी गेली आणि शांतपणे म्हणाली, “दादा, जायचं तर खुशीनं जा. फक्त लोक म्हणतील, सासूला घाबरून गेले.”

दादा शिकायला बसले.

पहिलं संकट म्हणजे काळी खिडकी. सासूला उठवायचं तर कॉम्प्युटरवर एक काळी चौकट उघडून त्यात आज्ञा टाइप करावी लागे. दादांनी तिच्यात माऊस फिरवून पाहिला, काही हललं नाही. “जिथं माऊस चालत नाय तिथं मी जात नाय,” असं म्हणून ते खाली चहा प्यायला गेले. मग आज्ञा मी टाइप करायची आणि ते तोंड फिरवून बसायचे, लहान मुलाला इंजेक्शन देताना बाप बसतो तसे.

दुसऱ्या संकटात तर ऑफिसच हललं. दादांकडून एका ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला. सासू अडून बसली, आणि स्टाइलशीट तयारच न झाल्यामुळे अख्ख्या वेबसाइटचे रंग, रकाने, चौकटी सगळं गेलं. पांढऱ्या पानावर डावीकडे नुसती काळी अक्षरं एकाखाली एक. दादांनी उठून कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटणच बंद केलं आणि पडद्यासमोर उभे राहिले. सर विचारायला आले तर म्हणाले, “सर, आत येऊ नका. साइट नागडी झाली हाय.”

मी अर्धविराम टाकला, सगळं परत आलं. पण दादा दिवसभर त्या पानाकडे बघून हळहळत होते.

वारं फिरलं ते पुणेकरांमुळे. त्यांच्या साहेबांना निळा आवडेना. एकदा गडद करा, एकदा फिका करा, रोज फोन. दादा दर वेळी सगळी फाइल वरपासून खालपर्यंत पिंजून एकेक निळा बदलत आणि त्या साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. एका दुपारी मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, दादा, सासूत रंगाला एकदाच नाव द्यायचं. वर लिहायचं, की ह्या नावाचा रंग हा. खाली सगळीकडे नुसतं नाव. रंग बदलायचा तर वर एका ठिकाणी बदलायचा.

“मंग खालचे?”

“तेच बदलतात.”

त्यांचा विश्वास बसला नाही. पण नाव द्यायचं म्हटल्यावर डोळे चमकले. त्यांनी बराच विचार करून त्या निळ्याचं नाव ठेवलं ‘ओहोटी’. दोघांनी मिळून सगळीकडे ते घातलं. मग त्यांनी वरच्या एका ओळीत निळ्याच्या जागी लाल टाकला, फाइल सेव्ह केली, आणि पान उघडलं. मथळा लाल, बटणं लाल, दुवे लाल, तळाची पट्टी लाल. दादा खुर्ची पुढे ओढून बसले. त्यांनी हिरवा टाकला. सगळं हिरवं. मग पिवळा. मग जांभळा. मग ते हसायला लागले, पोट धरून, कडं टेबलावर आपटत. त्यांनी जिन्यातून हाक मारून खालच्या फरसाणवाल्या शेठना वर बोलावलं. शेठ हातातला झारा तसाच घेऊन आले. दादांनी त्यांना रंग बदलून दाखवले. शेठना त्यातलं काही कळलं नाही, पण एवढा आनंदलेला माणूस पाहून त्यांनी खाली जाऊन गरम शेव पाठवून दिली.

त्यानंतर दादांना आवरणं अवघड झालं. पुण्याच्या वेबसाइटच्या रंगांना त्यांनी भरती, ओहोटी, मिठागर, सुकट अशी नावं दिली. एका भडक गुलाबीचं नाव होतं ‘मावशीची साडी’. पुण्याहून एका मुलीचा फोन आला, की तुमच्या फाइलीत ‘मावशीचीसाडी’ कुठल्या फ्रेमवर्कमधून, म्हणजे कुठल्या तयार संचातून, आली आहे. दादांनी फोन घेऊन तिला सांगितलं, की मावशी उरणची हाय आणि साडी तिला शोभते.

सासूतली आणखी एक सोय म्हणजे काही ओळींचा एक गठ्ठा बांधून ठेवायचा आणि हवा तिथे एका शब्दात वापरायचा. मी ते पुस्तकी भाषेत समजावू लागले तर दादा म्हणाले, अगं, हा तर मसाला. आमच्याकडं उन्हाल्यात एकदा मिरच्या कांडून बरणी भरतात, मग वर्षभर मासली असो नायतर वाल, चमचा घातला की झालं. मी म्हटलं, तेच. ते म्हणाले, मग सरल मसाला म्हन की. एवढं इंग्रजी कशाला.

फक्त एका बाबतीत ते घसरले. सासूत एका नियमाच्या पोटात दुसरा नियम लिहिता येतो. दादांना हे इतकं आवडलं, की त्यांनी पोटात पोट, त्यात पोट असं करत सगळं पान एकाच पहिल्या नियमाखाली आणून बसवलं. आता आतलं एक साधं बटण बदलायचं तर वरच्या सगळ्यांची नावं घ्यावी लागत. रुखसानानं ते पाहिलं आणि डोक्याला हात लावला. तिनं विचारलं, हे काय केलंय. दादा अभिमानानं म्हणाले, एकत्र कुटुंब हाय. रुखसाना म्हणाली, ह्यात धाकट्याला वरच्या सगळ्यांना विचारल्याशिवाय शर्ट बदलता येत नाही. दादांनी फाइल वरपासून खालपर्यंत एकदा सरकवून पाहिली. मग म्हणाले, “तसंच असतं ते. पन बरं वाटतं बघायला.” तिनं त्यांच्या देखत सगळं सुटं केलं. ते बघवेना म्हणून दादा खाली चहाला गेले.

काम द्यायची तारीख जवळ आली आणि आमच्या बिल्डिंगच्या मीटररूममध्ये आग लागली. कुणाला इजा झाली नाही, पण सगळ्या इमारतीची वीज गेली आणि चार-पाच दिवस येणार नाही असं वायरमन सांगून गेला. सर जिन्यात कपाळाला हात लावून बसले. दादा म्हणाले, माझ्या घरी चला, इन्व्हर्टर हाय, नेट हाय, जागा लय हाय.

आम्ही कॉम्प्युटर टेम्पोत घालून गव्हाणला गेलो. दादांचं घर आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. तीन मजली, वर गच्ची, पुढे तुळस. शेतं आणि मिठागरं सरकारी प्रकल्पात गेली त्या पैशातून त्यांच्या वडिलांनी तीन मुलांसाठी एकावर एक असे तीन मजले बांधले होते. प्रत्येक मजल्यावर तीच फरशी, तेच स्वयंपाकघर, खिडकीला तीच जाळी. दादांनी आम्हाला हौसेनं सगळं फिरवून दाखवलं. हा वरचा मोठ्या भावाचा. तो मुलांच्या शाळेपायी खारघरला गेला. हा मधल्याचा. तो सासऱ्याच्या धंद्यात, उलव्याला. आई-बाबा एकापाठोपाठ एक गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिन्ही मजल्यांच्या फरश्या लख्ख पुसलेल्या होत्या. रुखसानानं विचारलं, कामाला बाई येते का. दादा म्हणाले, बाई कशाला, मीच पुसतो, रविवारी दुसरं काय काम असतं.

ते दिवस फार मजेत गेले. खालच्या दिवाणखान्यात आम्ही टेबलं मांडली. दादा मध्येच उठून आत जात आणि थोड्या वेळानं कोलंबीचा वास येई. दुसऱ्या दिवशी मटण केलं, तेव्हा रुखसाना घ्यावं की नाही अशी घुटमळली. दादांनी तिला सांगितलं, की तुझ्या अब्बांकडनं हलालचं दुकान विचारून घेतलं, सकाळी तिथं जाऊनच आनलंय. रुखसाना एरवी कुणाला दाद देत नाही, पण त्या दिवशी तिनं दोनदा वाढून घेतलं. सर जेवल्यावर मधल्या भावाच्या मजल्यावर झोपायला जात आणि ताजेतवाने होऊन खाली येत. सासू एकदाही चिडली नाही. काम वेळेच्या आधी पुण्याला गेलं, आणि तिकडच्या साहेबांचा निरोप आला, की स्टाइलशीट वाचताना मजा आली, फक्त सुकट म्हणजे काय ते कळवा.

ऑफिसात वीज आली. आम्ही कॉम्प्युटर परत नेले. त्या शनिवारी दादा माझ्या टेबलापाशी घुटमळत आले आणि म्हणाले, की सासूत एका मोठ्या फाइलीच्या लहान लहान फाइली कशा करायच्या ते काय डोक्यात शिरत नाही. इथं गडबडीत जमत नाही. उद्या रविवार, घरी येऊन शिकवशील का. रुखसानालाही घेऊन ये. सरांना पण सांगतो.

आम्ही गेलो. दादांनी वरणभात, भरलेलं पापलेट, तांदळाच्या भाकऱ्या असा बेत मांडला होता. ते ओट्यापाशी उभे राहून भाकरी थापत होते, मी बाजूच्या टेबलावर लॅपटॉप उघडून शिकवत होते. रंगांची एक फाइल वेगळी, मसाल्यांची एक वेगळी, आणि मुख्य फाइलीत त्यांना बोलवायचं. मी अगदी सावकाश, सोपं करून सांगत होते आणि ते ‘अच्छा, अच्छा’ करत होते. मी रंगांची फाइल तयार केली, तिला नाव दिलं आणि पुढे निघाले. दादांचं लक्ष तव्याकडे होतं. भाकरी उलटता उलटता ते सहज म्हणाले, “बाय, नावाच्या आधी अंडरस्कोर टाक. नायतर ती फाइल येगली चूल मांडंल.”

बरोबर होतं. अंडरस्कोर राहिला होता, आणि तो नसला तर त्या फाइलीची वेगळी स्टाइलशीट निघते. हे फाइली करून पाहिल्याशिवाय कुणालाही ठाऊक असायचं कारण नाही.

दादांचा हात तव्यावर थांबला. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. भाकरीला एक फुगा आला, तो त्यांनी बोटानं दाबला. रुखसानानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. सर बाहेर पेपर वाचत होते, त्यांना काही ऐकू गेलं नाही.

मी अंडरस्कोर टाकला. “राहिलाच होता,” म्हटलं. मग जिथून सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं, तितकंच सावकाश. दादा थोड्या वेळानं परत ‘अच्छा, अच्छा’ करू लागले.

जेवणं झाली, गप्पा झाल्या, निघायची वेळ झाली. दादा आम्हाला नाक्यापर्यंत सोडायला आले. रिक्षा दिसली तेव्हा चेनशी चाळा करत म्हणाले, की आजचं बऱ्यापैकी समजलं, पण ते लूप की काय म्हणतात ना सासूतलं, तेच काम आपोआप परत परत करून घेणारं, ते अजिबात कळत नाही. ते जरा अवघडच वाटतं. त्याला टायम लागेल.

रुखसाना रिक्षात बसता बसता म्हणाली, “मग पुढच्या रविवारी लूप. आणि दादा, अम्मी पण विचारत होती, तिला आणू का?”

दादांनी नुसती मान हलवली. पण आमची रिक्षा वळेपर्यंत ते तिथेच उभे होते.

थोडं पुढे गेल्यावर रुखसाना म्हणाली, की मंगळवारीच त्यांनी फोटोंच्या गॅलरीसाठी लूप लिहिलाय, एकदम साफ, तिच्यापेक्षा चांगला. मी म्हटलं, मला माहीत आहे, मीही पाहिलाय.

पुढच्या रविवारी आम्ही लूप शिकवायला घेतला. सर होते, रुखसानाची अम्मी होती, माझी आई आली, एका रविवारी तर फरसाणवाले शेठ सहकुटुंब आले. गच्चीवर पत्ते, खाली स्वयंपाक, मधल्या मजल्यावर सर झोपलेले. लॅपटॉप एका कोपऱ्यात उघडा असायचा, शास्त्रापुरता. दादांना लूप समजायला दिवाळी उजाडली.